गुलमर्गची हिमशाळा

गुलमर्ग या नावाचा अर्थ फुलांचे कुरण. उन्हाळी सुट्टीत काश्मीरला जाणाऱ्या मराठी कुटुंबांनी पाहिलेले गुलमर्ग बहुधा हेच असते. हिरवा उतार, चरणारी घोडी आणि दूर डोंगरमाथ्यावर उरलेला पांढरा पट्टा. डिसेंबरच्या अखेरीस मात्र हे कुरण दिसेनासे होते. कुंपणांच्या फळ्या बुडतात, पायवाटा पुसल्या जातात, सूचिपर्णी वृक्षांच्या फांद्या हिमाच्या भाराने खाली झुकतात. त्यानंतरचे दोन-अडीच महिने गुलमर्ग हे भारतातील सर्वांत महत्त्वाच्या हिमक्रीडा केंद्रांपैकी एक असते.

या मोसमात येथे येणारे बहुतेक पर्यटक सकाळी श्रीनगरहून निघतात, तंगमर्गला भाड्याचे गमबूट आणि ओव्हरकोट चढवतात, स्लेजवर बसून छायाचित्रे काढतात आणि सायंकाळी परततात. त्यातही आनंद आहेच. परंतु गुलमर्गचे खरे वैभव त्यापुढे सुरू होते. ते अनुभवायचे तर मुक्काम हवा, थोडे शिक्षण हवे आणि मुख्य म्हणजे पायाखालच्या हिमाची ओळख हवी. ही ओळख असली की आनंद वाढतो; नसली तर तोच उतार जीवघेणा ठरू शकतो.

चाळीस, वीस आणि दहा

काश्मीर खोऱ्यात हिवाळ्याचे मोजमाप महिन्यांनी होत नाही. २१ डिसेंबरला 'चिल्लई कलान' सुरू होतो. हा चाळीस दिवसांचा, सर्वांत कडाक्याचा काळ. त्यानंतर वीस दिवसांचा 'चिल्लई खुर्द' आणि शेवटी दहा दिवसांचा 'चिल्लई बच्चा'. थोरली थंडी, धाकटी थंडी आणि तिचे लेकरू असाच हा हिशेब आहे. चिल्लई कलानमध्ये पडणारे हिम कोरडे आणि हलके असते, ते लवकर वितळत नाही. फेब्रुवारीच्या उत्तरार्धात व मार्चमध्ये पडणारे हिम अधिक ओलसर असते आणि उन्हाने झपाट्याने पातळ होते. स्कीइंग करणाऱ्यांची पसंती जानेवारीच्या मध्यापासून फेब्रुवारीअखेरपर्यंतच्या काळाला असते, ती यामुळेच.

हे हिम येते ते पश्चिमी झंझावातांमुळे. भूमध्य समुद्राच्या परिसरात निर्माण होणाऱ्या या वायुप्रणाली इराण, अफगाणिस्तान ओलांडून येतात आणि पीर पंजालच्या भिंतीवर अडून आपला ओलावा हिमरूपाने टाकतात. गुलमर्ग याच पर्वतरांगेच्या उत्तरेकडील कुशीत वसलेले असल्याने त्याच्या वाट्याला हिम भरपूर येते आणि उतार उत्तराभिमुख असल्याने ते टिकतेही.

पहिल्या हिमाचे स्वागत ही काश्मीरची जुनी रीत आहे. प्राचीन नीलमत पुराणात नव्या हिमपाताच्या दिवशी साजऱ्या करावयाच्या उत्सवाचे वर्णन आढळते. त्यात हिमालयाची पूजा, सुग्रास भोजन, गीत-नृत्य आणि नव्या मद्याचे प्राशन सांगितले आहे. हिमात खेळण्याची हौस काश्मीरमध्ये इंग्रजांबरोबर आली, असा समज असेल तर तो अपुरा आहे. इंग्रजांनी आणली ती स्की.

कुरणापासून क्रीडाकेंद्रापर्यंत

समुद्रसपाटीपासून सुमारे २,६५० मीटर उंचीवरील गुलमर्ग बारामुल्ला जिल्ह्यात मोडते. 'गौरीमर्ग' हे त्याचे जुने नाव. सोळाव्या शतकात सुलतान युसूफशाह चक याने ते बदलून 'गुलमर्ग' केले, असे सांगितले जाते. ब्रिटिश अमदानीत येथे उन्हाळी निवासस्थाने, गोल्फचे मैदान आणि चर्च उभे राहिले. १९२७ मध्ये येथे 'स्की क्लब ऑफ इंडिया' स्थापन झाला आणि भारतातील संघटित स्कीइंगला सुरुवात झाली.

स्वातंत्र्यानंतर गुलमर्गचे महत्त्व सैन्याने ओळखले. १९४७-४८ च्या युद्धाने उंच, हिमाच्छादित प्रदेशात लढण्याचे कौशल्य किती आवश्यक आहे हे दाखवून दिले होते. जनरल थिमय्या यांच्या पुढाकाराने १९४८ मध्ये येथे सुरू झालेली स्की-प्रशिक्षण शाळाच पुढे 'हाय अल्टिट्यूड वॉरफेअर स्कूल' म्हणून विकसित झाली. नागरिकांसाठी केंद्रीय पर्यटन मंत्रालयाच्या अखत्यारीतील 'इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ स्कीइंग अँड माउंटेनियरिंग' ही संस्था येथे आहे. हिवाळ्यात तेथे नवशिक्यांसाठी निवासी स्कीवर्ग भरतात.

या उतारांनी भारताला ऑलिंपिक खेळाडूही दिले. काश्मीरचे गुल मुस्तफा देव १९८८ च्या कॅलगरी हिवाळी ऑलिंपिकमध्ये उतरले होते. गुलमर्गच्या पायथ्याशी असलेल्या तंगमर्ग परिसरातील आरिफ खान हा २०२२ च्या बीजिंग हिवाळी ऑलिंपिकमध्ये भारताचा एकमेव खेळाडू होता. जायंट स्लॅलममध्ये त्याने ४५वे स्थान मिळवले. वडिलांचे स्कीसाहित्याचे दुकान हीच त्याची पहिली शाळा. २०२० मध्ये 'खेलो इंडिया' हिवाळी क्रीडास्पर्धा सुरू झाल्यापासून गुलमर्गला देशभरातील तरुण खेळाडूंची वर्दळ वाढली आहे.

आकाशातून जाणारा पाळणा

गुलमर्गला जगातील स्कीइंगच्या नकाशावर नेले ते गोंडोलाने. फ्रेंच तंत्रज्ञानाच्या साहाय्याने हाती घेतलेले हे काम १९९० मध्ये खोऱ्यातील अशांततेमुळे थांबले. ते पुन्हा सुरू होऊन पहिला टप्पा १९९८ मध्ये कार्यान्वित झाला. हा टप्पा गुलमर्गहून सुमारे ३,१०० मीटरवरील कोंगदूरीपर्यंत जातो. दुसरा टप्पा २००५ मध्ये सुरू झाला. तो अफरवात पर्वताच्या खांद्यावर, साधारण ३,९५० मीटर उंचीपर्यंत पोहोचवतो. म्हणजे कुरणातून निघालेला मनुष्य काही मिनिटांत तेराशे मीटर वर चढलेला असतो. निरभ्र दिवशी येथून उत्तरेकडे नंगा पर्वताचे शिखर दिसते.

दोन्ही टप्प्यांतील फरक पर्यटकांनी नीट समजून घ्यावा. कोंगदूरी हा तुलनेने सौम्य भाग असून कुटुंबासह हिमात वेळ घालवण्यास योग्य आहे. दुसऱ्या टप्प्यावर हवा विरळ आणि वारा बोचरा असतो, तेथून खाली येणारे उतार अनुभवी स्कीपटूंसाठीच आहेत. वाऱ्याचा वेग वाढला किंवा हिमस्खलनाचा धोका दिसला की हा टप्पा बंद ठेवला जातो. महाग तिकीट काढून रांगेत उभ्या असलेल्यांचा अशा वेळी संताप होतो. परंतु जून २०१७ मध्ये सोसाट्याच्या वाऱ्याने उन्मळलेले झाड केबलवर कोसळून झालेल्या दुर्घटनेत सात जणांचा बळी गेला होता, हे लक्षात ठेवले तर थांबण्याचा निर्णय त्रासदायक वाटत नाही. यासाठीच गुलमर्गच्या कार्यक्रमात एखादा मोकळा दिवस राखून ठेवावा.

पहिला धडा पडण्याचा

स्कीइंग शिकण्यासाठी गोंडोलात बसण्याची गरज नसते. कुरणातीलच मंद उतार नवशिक्यांसाठी उत्तम आहेत. तेथे छोट्या ओढ-लिफ्टही आहेत, त्यांच्या साहाय्याने उताराच्या वरच्या टोकाला जाता येते. स्की, बूट आणि काठ्या भाड्याने मिळतात. बूट घोट्याला घट्ट आवळणारा, पण बोटांना हालचालीस जागा देणारा असावा. बूट स्कीला जोडणारी कळ, म्हणजे बाइंडिंग, वजनानुसार आणि कौशल्यानुसार जुळवून घ्यावी लागते. माणूस पडला की ती सुटली पाहिजे. न सुटल्यास गुडघा पिरगळतो. दुकानदाराला आपले खरे वजन सांगणे हा सुरक्षिततेचाच भाग आहे. शिरस्त्राण टाळू नये.

पहिल्या दिवशी प्रशिक्षक पडायला शिकवतो. तोल जाऊ लागताच मागे न रेलता बाजूला, उताराच्या वरच्या अंगाला बसकण मारायची आणि स्की उताराला आडव्या करून उठायचे. त्यानंतर येतो तो नांगर. दोन्ही स्कींची पुढची टोके जवळ आणि मागची टोके दूर करून पाचरीसारखा आकार करायचा, की वेग मंदावतो. वळायचे असेल तर ज्या दिशेला जायचे तिच्या विरुद्ध बाजूच्या पायावर भार द्यायचा. भीतीपोटी शरीर मागे झुकते आणि तेथेच नियंत्रण सुटते. पुढे, उताराकडे झुकण्याचे धाडस झाले की स्की ऐकू लागते. तीन-चार दिवस नेटाने सराव केल्यास सामान्य प्रकृतीची व्यक्ती मंद उतारावरून स्वतःच्या ताब्यात खाली येऊ शकते. चाळिशी ओलांडलेल्यांनीही संकोच करू नये. गुडघे आणि मणक्याच्या तक्रारी असलेल्यांनी मात्र आधी वैद्यकीय सल्ला घ्यावा.

एका फळीवर उभे राहून घसरत येण्याच्या स्नोबोर्डिंगची तरुणांत विशेष आवड आहे. सपाट हिमावरून लांब अंतर तोडण्याचा क्रॉसकंट्री स्कीइंग हा प्रकार दमछाक करणारा आहे. त्यात वेग कमी असतो आणि गोल्फ मैदानाचा विस्तीर्ण परिसर त्यासाठी सोयीचा ठरतो.

स्कीविना हिमसुख

प्रत्येकाने स्की बांधलीच पाहिजे असे नाही. सकाळी गर्दी जमण्यापूर्वी कुरणाच्या कडेने जाणाऱ्या वाटेवर चालत जाणे हा स्वतंत्र अनुभव आहे. ताजे हिम आवाज शोषून घेते. त्यामुळे झाडांखाली एक विलक्षण शांतता पसरते. फांदीवरून गळणाऱ्या हिमाचा हलका धप्प आवाज तेवढा ऐकू येतो. हिमावर उमटलेल्या पाऊलखुणांवरून कोल्हा रात्री कोठून गेला हे दिसते. १९०० च्या दशकाच्या आरंभी बांधलेले सेंट मेरी चर्च आणि टेकडीवरील महाराणी मंदिराचा परिसर पायी गाठता येतो. 'आप की कसम' या १९७४ च्या चित्रपटामुळे परिचित झालेले हे शिवमंदिर जून २०२४ मध्ये आगीत भस्मसात झाले होते.

लाकडी स्लेज ओढणारे कामगार हे गुलमर्गच्या हिवाळ्याचे अविभाज्य अंग आहेत. दोन माणसांचे वजन चढावर ओढून नेणे हे कष्टाचे काम असून त्यांची वर्षाची कमाई बव्हंशी या काही आठवड्यांवर अवलंबून असते. अधिकृत दर आधी विचारून ठरवावेत आणि ठरल्यावर घासाघीस करू नये. संध्याकाळी फेरनच्या आत धरलेली कांगडी, मिठाचा गुलाबी चहा आणि थंडीत पहाटे शिजणारी मांसाहारी हरीसा हे काश्मिरी हिवाळ्याचे सोबती आहेत. शाकाहारी पर्यटकांना राजमा-भात आणि दम आलू सहज मिळतो.

आखलेल्या रेषेच्या पलीकडे

अफरवातच्या उतारांपैकी ठरावीक भागावरच पर्वत-सुरक्षा पथकाची देखरेख असते. तेथील हिमाची पाहणी होते, धोका असल्यास मार्ग बंद केला जातो. त्या हद्दीपलीकडचा पर्वत पूर्णपणे नैसर्गिक अवस्थेत असतो. अस्पर्श हिमाच्या ओढीने जगभरचे स्कीपटू तिकडे जातात आणि गुलमर्गची कीर्ती मुख्यतः या उतारांमुळेच आहे. दुर्घटनाही तेथेच घडतात.

हिम एकसंध नसते. प्रत्येक हिमपाताचा एक थर बनतो. मधल्या कोरड्या, थंड दिवसांत खालच्या थरातील कण साखरेसारखे सुटे होतात. त्यावर नवा जड थर बसला की वरचा थर टेबलावरील पुस्तकासारखा केवळ टेकलेला राहतो. उतार साधारण ३० ते ४५ अंशांचा असेल तर एका माणसाच्या भारानेही तो थर तडकतो आणि संपूर्ण फळीच्या फळी खाली निघते. अपघातांत सापडणारे लोक बहुतेक वेळा स्वतः किंवा त्यांच्या सोबत्यांपैकी कोणीतरी सुरू केलेल्या हिमस्खलनाखाली येतात. मोठ्या हिमवृष्टीनंतरचे पहिले एक-दोन दिवस सर्वाधिक धोक्याचे असतात. नेमके त्याच दिवशी आकाश निवळते, ऊन पडते आणि उतार सर्वांत मोहक दिसतात.

खिलनमर्ग परिसरात फेब्रुवारी २०१० मध्ये प्रशिक्षण घेणाऱ्या सैनिकी तुकडीवर हिमस्खलन कोसळून पंधराहून अधिक जवान मृत्युमुखी पडले. फेब्रुवारी २०२३ मध्ये अफरवातच्या उतारावर पोलंडच्या दोन स्कीपटूंचा आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये रशियाच्या एका स्कीपटूचा अंत झाला. प्रशिक्षित जवान आणि अनुभवी परदेशी खेळाडूही जेथे सापडतात, तेथे हौशी पर्यटकाने केवळ उत्साहावर विसंबणे योग्य नव्हे.

या उतारांवर जायचेच असेल तर जाणकार स्थानिक मार्गदर्शक हवा आणि प्रत्येकाकडे तीन साधने हवीत. अंगावर बांधलेला व संकेत पाठवणारा ट्रान्सीव्हर, हिमात खुपसून शोध घेण्याची दुमडती सळई आणि फावडे. ही साधने केवळ जवळ असून भागत नाही, ती वापरण्याचा सराव असावा लागतो. गाडला गेलेला माणूस पहिल्या दहा-पंधरा मिनिटांत बाहेर काढता आला तर वाचण्याची शक्यता चांगली असते, त्यानंतर ती वेगाने घटते. एवढ्या अवधीत बाहेरची मदत क्वचितच पोहोचते, सोबतीच एकमेकांना वाचवतात. म्हणून धोकादायक उतार एका वेळी एकानेच ओलांडायचा आणि इतरांनी सुरक्षित जागी थांबून त्याच्यावर नजर ठेवायची, असा नियम आहे. डोंगराळ भागासाठी हिमस्खलनाचे इशारे प्रसारित केले जातात, ते रोज सकाळी पाहावेत. स्की न करणाऱ्यांनीही मोठ्या हिमवृष्टीनंतर तीव्र उतारांच्या पायथ्याशी रेंगाळू नये.

शरीराचे तंत्र

रात्री गुलमर्गचे तापमान शून्याखाली आठ-दहा अंश सहज उतरते. अशा थंडीत एका जाड कोटापेक्षा तीन पातळ थर अधिक उपयोगी ठरतात. आत घाम शोषून बाहेर टाकणारे लोकरी किंवा थर्मल वस्त्र, मध्ये ऊब धरणारा थर आणि वर वारा व ओलावा अडवणारे जाकीट. सुती बनियन आणि सुती मोजे टाळावेत. कापूस घामाने ओला झाला की वाळत नाही आणि शरीराची ऊब हिरावून घेतो. भाड्याचे गमबूट घेतल्यास आत लोकरी मोजे हवेतच. बोटे पांढरी पडून बधिर झाली तर ती हिमदंशाची सुरुवात असते. अशा वेळी बोटे चोळू नयेत किंवा शेकोटीवर धरू नयेत. उबदार जागी जाऊन काखेत किंवा कोमट पाण्यात हळूहळू तापवावीत.

ताजे हिम सूर्याची अतिनील किरणे मोठ्या प्रमाणात परावर्तित करते. त्यामुळे ढगाळ दिवशीही गडद चष्मा आवश्यक आहे. तो नसल्यास काही तासांनी डोळ्यांत वाळू गेल्यासारखी वेदना होते, यालाच हिमांधता म्हणतात. हनुवटीखाली आणि नाकाच्या कडांनाही उन्हापासून बचाव करणारे मलम लावावे. थंडीत तहान जाणवत नाही, तरी पाणी पीत राहावे. दुसऱ्या टप्प्यावर डोके दुखणे, मळमळणे, चालताना तोल जाणे अशी लक्षणे दिसताच खाली उतरावे. हृदयरोग किंवा दमा असलेल्यांनी तेथे जाण्यापूर्वी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. खोलीत बुखारी किंवा गॅसचा हीटर पेटवला असेल तर खिडकीची फट उघडी ठेवावी आणि निजण्यापूर्वी तो विझवावा. बंद खोलीत साचणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला ना रंग असतो ना वास.

हिमाची वाट पाहणारे

जानेवारी २०२४ मध्ये ऐन चिल्लई कलानमध्ये गुलमर्गचे कुरण तपकिरी राहिले. हॉटेलांची आरक्षणे रद्द झाली, भाड्याच्या स्की दुकानांतच पडून राहिल्या. महिनाअखेरीस हिम पडले तेव्हा कोठे हालचाल सुरू झाली. पुढच्याच वर्षी हिमाअभावी 'खेलो इंडिया' स्पर्धेचा गुलमर्गमधील टप्पा फेब्रुवारीवरून मार्चमध्ये ढकलावा लागला. तापमानवाढीबरोबर हिमाऐवजी पाऊस पडण्याचे आणि हिवाळा पुढे सरकण्याचे प्रकार हिमालयात वाढत आहेत.

हा केवळ पर्यटनाचा प्रश्न नाही. चिल्लई कलानचे घट्ट हिम डोंगरावर साठून राहते आणि उन्हाळ्यात थोडेथोडे वितळून झेलमच्या उपनद्यांना, भातखाचरांना आणि सफरचंदांच्या बागांना पाणी देते. उशिरा पडलेले हिम तसेच वाहून जाते. त्यामुळे पहिले हिम पडले की स्लेजवाल्याइतकाच बागायतदारही सुटकेचा निःश्वास टाकतो. पर्यटकाने मागे टाकलेले प्लास्टिक याच पाण्याच्या वाटेवर हिमाखाली दडते आणि मे महिन्यात वर येते. आपला कचरा आपणच परत नेणे ही या डोंगराची किमान परतफेड आहे.

केव्हा आणि कसे जावे

श्रीनगरपासून गुलमर्ग सुमारे ५० किलोमीटर आहे. तंगमर्गपासून शेवटचा सुमारे १३ किलोमीटरचा घाट हिमवृष्टीत केवळ चाकांना साखळ्या लावलेल्या किंवा चारही चाकांना गती असलेल्या वाहनांनाच खुला असतो. मुंबईहून श्रीनगरला विमानाने जाता येते. जून २०२५ पासून कटरा ते श्रीनगर रेल्वेही धावू लागल्याने हिमामुळे महामार्ग बंद पडल्यास पर्याय उपलब्ध झाला आहे. धुके आणि हिमवृष्टीमुळे विमाने रद्द होतात, त्यामुळे परतीच्या प्रवासासाठी एक-दोन दिवस हाताशी ठेवावेत. गोंडोलाची तिकिटे आधी ऑनलाइन काढावीत. स्कीइंग शिकायचे असल्यास किमान चार रात्रींचा मुक्काम ठरवावा आणि संस्थेच्या वर्गाला जायचे असल्यास प्रवेशासाठी काही महिने आधी चौकशी करावी. विम्यात हिमक्रीडेतील दुखापतींचा समावेश आहे की नाही हे तपासून घ्यावे. एप्रिल २०२५ मधील पहलगाम हल्ल्यानंतर काश्मीरमधील अनेक पर्यटनस्थळे काही काळ बंद ठेवण्यात आली होती. म्हणून निघण्यापूर्वी प्रशासनाच्या ताज्या सूचना पाहणे इष्ट.

चार दिवसांच्या मुक्कामात कोणी निष्णात स्कीपटू होत नाही. परंतु ताजे हिम आणि जुने हिम यांतला फरक पायांना कळू लागतो, मोहक दिसणाऱ्या उतारापाशी थांबावे कसे हे उमगते आणि 'आज वर जाऊ नका' असे सांगणाऱ्या स्थानिक मार्गदर्शकाचा शब्द का मानायचा याचे कारण समजते. गुलमर्गहून परतताना एवढी शिदोरी पुरेशी आहे.